मालूच्या गणिताचं पुस्तक

प्रिय इरा आणि निहार,

गेल्या रविवारी तुमच्या आईचा फोन आला होता. इरा, पुढच्या वर्षापासून तुला शाळेत न पाठवता घरीच शिकवायचं तुमच्याकडे ठरलं आहे, असं तिने सांगितलं. बाकीचे विषय तिने आणि तुझ्या बाबांनी वाटून घेतले आहेत. अडलं आहे ते गणितापाशी. चार वर्षांनी कॉलेजात गेल्यावर तुझं काही अडू नये असं गणित कुठल्या पुस्तकांतून शिकवायचं, यावर दोघांची रोज चर्चा चालते म्हणे. एक पुस्तक मागवायचं, चार धडे चाळायचे आणि परत पाठवायचं. "आई, तू इतकी वर्षं शाळेत होतीस, तुला काय वाटतं?" असं तिने विचारलं.

मी इंग्रजी शिकवत होते. गणिताचं पुस्तक सुचवायचा मला अधिकार नाही आणि मी सुचवणारही नाही. पण "तेही परत पाठवलं" हे वाक्य फोनवर पुन्हा पुन्हा ऐकताना मला कर्जतचे आमचे घरमालक आठवले, आणि आठवले ते जाईनात. तुमच्या आईला ते आठवणार नाहीत. आम्ही ते घर सोडलं तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. म्हणून मीच लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण ही माणसं इंग्रजीत बोलत नव्हती. आई वाचून दाखवेल.

तुमचे आजोबा तेव्हा खोपोलीच्या कारखान्यात होते आणि मी कर्जतच्या शाळेत. स्टेशनपासून जवळ, कौलारू घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. पुढे मालक, त्यांची बायको आणि एकुलती एक मुलगी. मालकांचं नाव मी इथे लिहीत नाही. सगळी आळी त्यांना नाना म्हणायची. बायकोला आम्ही काकू म्हणायचो. मुलीचं नाव मालती, हाक मालू.

नाना रेल्वेत होते. घाटातले रूळ जागेवर आहेत की नाहीत ते बघायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं आणि पाठीचं दुखणं झाल्यावर लवकर निवृत्त झाले. अंगात कायम पांढरा सदरा, आणि खिशात ओळंबा, म्हणजे गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात तो. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत ओळंबा काढून दाराची चौकट तपासायचे. आमच्या खोलीचं दार त्यांचं स्वतःचं होतं, तरी पहिल्या दिवशी त्यांनी ते माझ्यासमोर तपासलं आणि अतिशय खिन्न चेहऱ्याने म्हणाले, "बाई, हे दार चुकलेलं आहे. तुम्हाला सांगितलं नाही असं नको."

त्यांचा एक प्रश्न होता: "कशावरून?" तो ते प्रत्येकाला, प्रत्येक गोष्टीवर विचारत. त्यात भांडण नसे, टोमणा नसे. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असे. काकू म्हणाल्या, दूध नासलं, की "कशावरून?" शेजारी म्हणाले, यंदा आंबा कमी आहे, की "कशावरून?" माणूस सांगू लागला की मान पुढे करून ऐकायचे, आणि त्याने दिलेल्या कारणालाही पुन्हा तोच प्रश्न. तीन-चार पायऱ्या खाली गेलं की बहुतेक माणसं चिडायची किंवा हसायची. काकू मात्र पहिल्याच पायरीला म्हणायच्या, "नाकावरून! वास घ्या आणि गप्प बसा."

मालू आठवी झाली तेव्हा त्यांनी तिला शाळेतून काढलं. माझ्याच शाळेतून.

त्या काळी मॅट्रिक अकरावीला असे. आमच्या शाळेत नववीपासून मुलींच्या वर्गाला बीजगणित-भूमिती नव्हती. त्याऐवजी सोपं अंकगणित आणि आरोग्यशास्त्र. कुणी वाईट बुद्धीने ठेवलं नव्हतं. गणिताचे शिक्षक एकच, ते मुलांच्या वर्गांनाच पुरत नव्हते. पण बीजगणित-भूमितीशिवाय मॅट्रिक झालेल्या मुलीला सायन्स कॉलेजचं दार बंद. नाना मुख्याध्यापकांकडे आले तेव्हा मी तिथेच कसल्याशा कामाला उभी होते.

"मुलींना याचा पुढे उपयोग नसतो, नाना," मुख्याध्यापक समजुतीने म्हणाले.

"कशावरून?"

"आता आजवर आमच्या किती मुली सायन्सला गेल्या?"

"तुम्ही शिकवलंत कुठे, मग जातील कशा? हे कारण झालं की परिणाम?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. नाना खरं बोलत होते. ही गोष्ट तुम्ही पुढचं सगळं वाचाल तेव्हाही विसरू नका. त्या दिवशी त्या खोलीत तेच एकटे बरोबर होते.

मालूला त्यांनी घरी शिकवायचं ठरवलं. बाहेरून परीक्षेला बसवायचं, बीजगणित-भूमिती घेऊन. इंग्रजी मी शिकवायचं, बाकीचे विषय तिने वाचायचे आणि गणित नानांनी. आळीत हसू झालं. आमच्याकडे पळसदरीहून सोनाबाई भाजी घेऊन यायची, ती टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "नाना, पोरीला घरात बसवलीत व्हय? तिला काय बाय आजार हाय?"

"आजार शाळेला आहे," नाना म्हणाले.

मालू खळखळून हसली. तिला फार आनंद झाला होता, हे मी स्वतः पाहिलं आहे. बारीक अंगाची, मोठ्या कपाळाची, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारी मुलगी. घाटातून जाताना बोगद्यांपेक्षा तिला पूल आवडत. एकदा इंग्रजीचा निबंध लिहिताना ती मला म्हणाली, "बाई, मला पूल बांधणारी इंजिनिअर व्हायचंय. नानांना सांगू नका हं."

"का गं? त्यांना आनंदच होईल."

"होईल. पण आधी 'कशावरून' म्हणतील, आणि मला अजून सांगता येत नाही."

पहिलं पुस्तक शाळेतलंच होतं, मुलांना लावलेलं. नानांनी ते सोनाबाईमुळे नाकारलं. त्यात एक उदाहरण होतं: एका शेतकऱ्याचं शेत इतकं लांब आणि इतकं रुंद, तर क्षेत्रफळ किती. नाना मालूला घेऊन थेट सोनाबाईच्या खाचरावर गेले. मीही गेले, सुट्टी होती म्हणून. आपल्याकडची भाताची खाचरं उतारावर बांध घालून केलेली, कुठे पोट सुटलेलं, कुठे शेपूट निघालेलं. नाना बांधावरून गोल फिरले आणि म्हणाले, "सोनाबाई, याला लांबी कुठली आणि रुंदी कुठली?"

"मला काय ठावं? आमी पायली बघतो, किती पिकतं ती. कोपरं मोजत बसलो तर लावणी कवा व्हायाची?"

"बघ मालू. या पुस्तकातल्या माणसाने शेत बघितलेलं नाही."

त्याच पुस्तकात आगगाडीचं गणित होतं. गाडी एका गावाहून निघते, दुसऱ्या गावी पोचते, वेग सगळीकडे सारखा. कर्जतच्या रेल्वेवाल्याला हे कसं चालावं? इथे प्रत्येक गाडी थांबते, मागून इंजिनं लागतात, मग ती हळूहळू घाट चढते. "खोटं सांगून शिकवायला सुरुवात केली, की पुढे सगळं खोट्यावर उभं राहतं," नाना म्हणाले आणि पुस्तक मिटलं. तोवर मालूचे सहा धडे झाले होते.

दुसरं पुस्तक मुंबईहून मागवलं. ते मला बरं वाटलं होतं, पण त्यात म्हणे बीजगणिताचे नियम आधी दिले होते आणि कारणं नंतर. तेही मिटलं. तिसरं कुणा जुन्या रेल्वे साहेबाच्या सामानातून आलेलं, इंग्रजी, जाड, फक्त भूमितीचं. त्यात ना शेत होतं ना गाडी. काही गोष्टी सुरुवातीला मानायच्या आणि त्यानंतरचं प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यांवरून सिद्ध करायचं. नानांना हे पुस्तक मिळालं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते सांगता येत नाही. आयुष्यभर विचारत आलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस अखेर भेटला, असं काहीतरी.

प्रत्येक नव्या पुस्तकाबरोबर मालू पहिल्या पानापासून सुरुवात करायची. हा नानांचा नियम होता. "अर्ध्या भिंतीला दुसऱ्या गवंड्याने हात लावायचा नाही. पाडायची आणि पायापासून घ्यायची." शाळेतल्या तिच्या मैत्रिणी दहावीत गेल्या, अकरावीत गेल्या. मालू तिसऱ्यांदा पायावर होती.

तुम्हाला वाटेल ती कंटाळली असेल. मुळीच नाही. ती दोघं सुखात होती. कधी पळसदरीच्या पुढे रुळांच्या कडेने चालत जायची. घाटात चढ किती ते सांगणारे खांब असतात, त्यातल्या एकावर सदतीस आकडा आहे, म्हणजे सदतीस फूट गेलं की एक फूट चढ. नानांनी मालूला विचारलं, "सदतीस फूट रुळावरून मोजायचे की खालच्या सपाट जमिनीवरून?" यावर अख्खी सकाळ गेली. तिथे काम करणारा एक गँगमन कुदळीवर हात ठेवून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "नाना, इंजिन चढतंय ना? मंग झालं की!" मालूने दोन्ही रीतींनी हिशोब करून सांगितलं की फरक केसाएवढाच पडतो. नाना म्हणाले, "केस म्हणजे किती?" आणि तिने तेही काढून दाखवलं. घरी येऊन तिने मला ते सगळं पुन्हा सांगितलं. मला कळलं नाही, पण तिचे डोळे मी पाहिले. आमच्या शाळेत त्या वर्षी इतकं शिकलेलं दुसरं कुणीही नव्हतं.

मग नानांनी एक गोष्ट केली ती त्यांच्या मते फार व्यवहाराची होती. ते मालूला घेऊन पुण्याला गेले, एका कॉलेजात, गणिताच्या प्राध्यापकांना भेटायला. कॉलेजात येणाऱ्या मुलीला नेमकं काय यायला हवं, हे तिथल्याच माणसाला विचारावं म्हणून. मालूने मला त्या भेटीचं वर्णन इतक्यांदा सांगितलं की मी तिथे होते असंच मला वाटतं. प्राध्यापक घाईत होते. जाता जाता त्यांनी तिला सहज विचारलं, "त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज किती गं?"

मालू म्हणाली, "समांतर रेषांबद्दल आपण आधी काय मानलंय, त्यावर आहे, सर."

प्राध्यापक परत खुर्चीवर बसले. त्यांनी तिला तासभर प्रश्न विचारले, चहा मागवला, आणि निघताना नानांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मुलगी तयार आहे. माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसवा तिला, आज बसवा. फक्त ते मॅट्रिकचं तेवढं होऊन जाऊ द्या."

परतीच्या गाडीत नाना घाटभर हसत होते, असं मालू म्हणायची. घरी आल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं, "तयार आहे म्हणाले."

"आणि मॅट्रिक?" काकूंनी विचारलं.

"ते होईलच. तयार माणसाला मॅट्रिक काय?"

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "हे बघा, मी अडाणी. मला ते कोन कळत नाहीत. पण पोर एकोणिसाची झाली. माझ्या भावाने खालापूरचं स्थळ आणलंय, दुकानदार आहेत, माणसं बरी आहेत. त्यांना मी थांबवलंय. आता ही अकरावीची मॅट्रिकच जाणार आणि दहावी येणार म्हणतात, अभ्यास बदलणार. म्हणजे परीक्षा यंदाच. पास झाली तर पुण्याला जाऊ दे, मी माझ्या पाटल्या मोडून पाठवीन. नाही झाली तर मी भावाला हो म्हणणार. कबूल?"

"कबूल," नाना म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. ते पुस्तकात प्राध्यापकांनी काढलेली एक खूण बघत होते.

मला काळजी वाटत होती ती वेगळीच. मी मालूला इंग्रजीच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला द्यायचे. नानांना म्हटलं, गणिताच्याही तशा द्या. ते माझ्याकडे, मी दाराच्या चौकटीसारखी चुकलेली असल्यासारखे, बघत राहिले.

"वेळ हा गणितातला विषय नाही, बाई."

"पण पेपरला तीन तासच असतात, नाना."

"बरोबर असेल ते तीन तासांनंतरही बरोबरच असेल."

त्यांनी मालूला एक सवय लावली होती. जे आपण या कागदावर सिद्ध केलं नाही, ते या कागदावर वापरायचं नाही. पुस्तकात सिद्ध आहे, काल केलं होतं, सगळ्यांना माहीत आहे, यातलं काही चालणार नाही. "तपासणाऱ्याने विचारलं कशावरून, तर तू तिथे नसणार. कागदानेच सांगितलं पाहिजे." घरी एका प्रमेयाला कधी दुपार लागायची, कधी संध्याकाळही. लागू दे, म्हणायचे.

परीक्षेचं केंद्र खोपोलीला होतं. मला पर्यवेक्षक म्हणून तिथे नेमलं होतं, आणि भूमितीच्या दिवशी मालूचीच खोली माझ्या वाट्याला आली. मी तिची नातेवाईक नव्हते, तेव्हा नियमाला धरूनच होतं ते.

प्रश्नपत्रिका वाटल्या. मालूने ती वाचली आणि हसली. सगळं येत होतं. पहिल्या प्रश्नात वर्तुळात काढलेल्या चौकोनाचं एक प्रमेय होतं, दर दोन वर्षांनी येणारं. मुलं ते दहा ओळींत लिहून पुढे जात. मालूने लिहायला घेतलं. मी खोलीत फेऱ्या घालत होते. पहिल्या तासाची घंटा झाली तेव्हा आजूबाजूची मुलं तिसऱ्या प्रश्नावर होती. मालूने पुरवणी मागितली. मी ती द्यायला वाकले तेव्हा पाहिलं: ती वर्तुळापर्यंत पोचलीच नव्हती. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असतील तर दोन कोन सारखे का, हे ती लिहीत होती. कारण वर्तुळाचं प्रमेय त्यावर उभं होतं. आणि त्याच्याही आधी, ते ज्यावर उभं होतं ते. अक्षर सुरेख, आकृत्या रेखीव, एकही खाडाखोड नाही.

मी तिच्या बाकापाशी जरा जास्त थांबले. तिने वर पाहिलं आणि पुन्हा हसली. माझं काम बोलायचं नव्हतं. बोलले असते तर तिचा पेपर तिथेच रद्द झाला असता. मी पुढच्या बाकाकडे गेले. दुसरी घंटा झाली. मी खडू घेऊन फळ्यावर उरलेला वेळ लिहिला, नियमाप्रमाणे, पण नेहमीपेक्षा मोठ्या आकड्यांत. तिने फळ्याकडे पाहिलंच नाही. शेवटच्या घंटेला तिचा दुसरा प्रश्न संपत आला होता. मी तिच्या हातातला पेपर घ्यायला गेले तेव्हा ती म्हणाली, "बाई, एक मिनिट, फक्त 'म्हणून' राहिलंय." मला तो घ्यावा लागला.

फाटकापाशी नाना सकाळपासून उभे होते. त्यांनी किती सोडवलंस असं विचारलं नाही. "कुठून सुरुवात केलीस?" म्हणाले. मालू हातवारे करून सांगू लागली आणि ते मान पुढे करून ऐकू लागले. खोपोली स्टेशनपर्यंत दोघं माझ्यापुढे चालत होती. इतकी आनंदी माणसं मी त्या रस्त्यावर दुसरी पाहिली नाहीत. मी मागून चालत होते.

बीजगणिताच्या पेपरलाही तेच झालं असणार. निकाल लागला. मालू सगळ्या विषयांत पास होती, इंग्रजीत उत्तम. गणितात नापास.

नानांनी गुणांचा आकडा पाहिला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि उठून उभे राहिले. "जेवढं लिहिलं तेवढ्याला पूर्ण गुण आहेत! अहो, ऐकलंत का? एकही कापलेला नाही!"

काकू आत गेल्या आणि थोड्या वेळाने बाहेर जायचं लुगडं नेसून आल्या. भावाकडे निघाल्या होत्या. नाना त्यांना म्हणाले, "ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं."

"मग ऑक्टोबरपर्यंत," काकू दारातून म्हणाल्या. "त्यापुढे एक दिवस नाही. आणि पुस्तक बदलायचं नाही."

पण नानांनी पुस्तक बदललं. चूक पुस्तकात होती, हे त्यांना पटलं होतं. त्याच सुमारास नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं बाजारात आली. त्यात संच आले होते, सगळं गणित संचांवर उभं केलेलं. जुन्या परीक्षेला त्यातलं काहीही येणार नव्हतं. नानांनी पहिला धडा वाचला आणि पोरासारखे उड्या मारत माझ्या खोलीत आले. "बाई, भूमितीच्याही खाली पाया आहे! आम्हाला ठाऊकच नव्हता!" दुसऱ्या दिवसापासून मालू पहिल्या पानावर.

त्या पावसाळ्यात ती दुपारची माझ्याकडे यायला लागली. मी शाळेतून एक गाइड आणून ठेवलं होतं, तयार उत्तरांचं. तिनेच मागितलं होतं. स्वयंपाकघरात पाटावर बसून ती ते उतरवून काढायची. तिसऱ्या-चौथ्या ओळीला हात थांबायचा.

"लिही ना गं."

"बाई, इथे नुसतं 'म्हणून' लिहिलंय. त्याच्या आधी काहीच नाही."

"नसू दे. तसंच लिही."

"लिहिते." आणि पेन्सिल कागदावर टेकवून बसायची. मग एकदम म्हणाली, "मला माहीतये की हे बरोबर आहे. मलाच सिद्ध करता येतं. तरी हात पुढे जात नाही. बाई, माझं काय झालंय हो?"

मी तिच्यासमोर बसून उत्तर मोठ्याने वाचायचे, ती लिहायची. असं केलं की जमायचं. परीक्षेला मी वाचायला असणार नव्हते.

ऑक्टोबरला ती गेली, खोलीत बसली आणि तासाभरात पेपर देऊन बाहेर आली. बहुतेक कोराच होता. तिने मला नंतर सांगितलं, "अर्धवट लिहिण्यापेक्षा ते बरं वाटलं." त्या थंडीत तिचं लग्न झालं, खालापूरला. लग्नात नानांनी मांडवाचे खांब ओळंब्याने तपासले आणि पाहुणे हसले. मालू हसली नाही. तिचं बघणंच बदललं होतं. ती आता बोलणाऱ्याच्या हातांकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघायची.

पुढच्या वर्षी आम्ही खोपोलीला बिऱ्हाड हलवलं. नंतर कधी कर्जतला गेले की नानांकडे डोकावायची. ते पुस्तकं मागवतच होते. एक चाळायचं, चार धडे, मिटायचं. "कुणासाठी हो आता?" काकू विचारायच्या. नाना म्हणायचे, "आधी पुस्तक तर सापडू दे." काकूंचा आवाज तोवर बारीक झाला होता. त्या चिडायच्याही नाहीत. एका दिवाळीत मी गेले तर त्या मला म्हणाल्या, "बाई, वाईट माणूस असता तर शिव्या घातल्या असत्या. तेवढी तरी सोय असती."

त्याच दिवाळीत मालू आली होती, मुलीला घेऊन. मुलगी पहिलीत जाणार होती. नाना तिला समोर बसवून बोटांनी ओसरीवर रेघा काढत होते आणि ती, आईसारखंच मोठं कपाळ, त्यांच्या हातांकडे बघत होती. नाना वर बघून म्हणाले, "मालू, हिला शाळेत घालू नकोस. इथे ठेव. मी शिकवतो. आता पुस्तक सापडलंय."

मालू म्हणाली, "नाही, नाना."

"का? माझ्याकडून नीट नाही होणार? कशावरून?"

"माझ्यावरून."

ती ओरडली नाही. हळूच म्हणाली आणि मुलीला उचलून घेतलं. नानांनी मान पुढे केली होती, पुढचं ऐकायला, तशीच ती राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी असं कारण दिलं होतं, ज्याच्या खाली आणखी पायरी नव्हती. काकू फराळाची ताटं घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ती तिथेच खाली ठेवली आणि मालूच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी मालू परत गेली.

नाना त्यानंतर दीड-दोन वर्षं होते. पुस्तकं आणणं थांबलं होतं. मी शेवटचं पाहिलं तेव्हा ओसरीत बसले होते. मी म्हटलं, नाना, तब्येत बरी दिसते आज. त्यांनी फक्त मान हलवली. कशावरून ते विचारलं नाही.

इरा, निहार, यातून काय घ्यायचं ते मी सांगणार नाही. मला ते ठाऊक असतं तर फोनवरच सांगितलं असतं. शाळा चुकली होती. नाना चुकले नव्हते आणि तेही चुकले. मधे एक मुलगी होती.

काकू गेल्या. नानांच्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. पुस्तकं सगळी रद्दीत गेली, ती मालूनेच घातली. तिची मुलगी शाळेत शिकली आणि नोकरीला लागली. मालू आहे. खालापूरला असते, दुकान मुलगा बघतो. गुडघे धरतात, पण चालते-फिरते. आळीतली मुलं कधी गणित विचारायला तिच्याकडे येतात. ती त्यांना उत्तर सांगते आणि घरी पाठवते.

तुमची,
आजी